आरोग्याची जत्रा नको, वारी हवी

आठवडी बाजाराच्या दिवशी जालना जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावाच्या पारावर घटकाभर बसावे. डोक्याला पटका, हातात काठी आणि कनवटीला तंबाखूची पिशवी असलेली वृद्ध मंडळी तेथे जमलेली असतात. बोलणे पावसापाण्यावरून निघते, कापसाच्या भावावर येते आणि शेवटी कोणाच्या तरी आजारपणावर जाऊन थांबते. ‘अमक्याच्या अंगावरून वारे गेले’, ‘तमकीला शुगर निघाली’, ‘पाय काढावा लागला म्हणे’, अशी वाक्ये आता कोणाला दचकवीत नाहीत. पटकी आणि देवी यांच्या आठवणी ज्या पारावर एके काळी सांगितल्या जात, त्याच पारावर आज ‘बीपी’ आणि ‘शुगर’ हे दोन शब्द इतके रुळले आहेत, की ते परभाषेतून आले याचेही भान उरलेले नाही.

रोगांचे स्वरूप बदलले. त्यांना तोंड देण्याची आपली रीत मात्र बदललेली नाही. साथ आली की मोहीम काढावयाची, मंडप घालावयाचा, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन करावयाचे, दिवसभरात किती जणांची तपासणी झाली तो आकडा वर कळवावयाचा आणि संध्याकाळी मंडप उतरवावयाचा, ही आपली सवय. देवीसारख्या रोगाला अशी मोहीम पुरेशी होती. भारतातील देवीचा अखेरचा देशी रुग्ण १९७५ साली नोंदला गेला आणि ती मोहीम खऱ्या अर्थाने संपली. परंतु वाढलेला रक्तदाब एकदा तपासून संपत नाही आणि मधुमेहाचा नायनाट लस टोचून होत नाही. हे रोग माणसाच्या सोबतीने वीस-वीस, तीस-तीस वर्षे राहतात. त्यांच्याशी सामना द्यावयाचा तर एक दिवसाच्या जत्रेने भागणार नाही. वर्षानुवर्षे त्याच वाटेने, त्याच माणसांना बरोबर घेऊन आणि कोणी मागे राहिले काय हे मोजीत चालणारी वारीच येथे हवी. जालना जिल्ह्यातील वृद्धांसाठी अशी वारी कशी आखता येईल, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

ढोबळ हिशेब

प्रथम प्रश्नाचे आकारमान पाहू. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांचे भाग घेऊन जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांहून अधिक भरली आणि पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहणारी निघाली. साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण त्या वेळी महाराष्ट्रात दहा टक्क्यांच्या आसपास होते. तोच हिशेब येथे लावला आणि मध्यंतरीची वाढ धरली, तर जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत मिळून सुमारे दोन लाख वृद्ध असावेत असा अंदाज करता येतो. २०१७-१८ साली देशभर झालेल्या वृद्धांच्या मोठ्या पाहणीत साठीपुढील साधारण तिघांपैकी एकाने आपणास रक्तदाब असल्याचे सांगितले. ही संख्या ज्यांना रोगाचा पत्ता आहे त्यांची. ज्यांनी कधी दंडाला पट्टा बांधूनच घेतला नाही, ते वेगळेच.

खेड्यांतील प्रमाण कमी असते असे मानून जिल्ह्यात केवळ पन्नास हजार वृद्धांना रोज एक गोळी लागते असे धरू. वर्षाला एक कोटी ब्याऐंशी लाख पन्नास हजार गोळ्या झाल्या. पुष्कळांना दोन लागतात, मधुमेहाच्या वेगळ्या लागतात. मोहिमेचा पहिला प्रश्न भाषणे कोणी करावीत हा नव्हे, तर या गोळ्या भोकरदनच्या वाडीवर आणि घनसावंगीच्या गोदाकाठच्या गावात दर महिन्याला न चुकता कशा पोहोचवावयाच्या, हा आहे. ज्या आराखड्याच्या पहिल्या पानावर हा हिशेब नाही, तो आराखडा कितीही सुबक टंकलिखित केलेला असला, तरी कागदच राहणार.

घरातल्या घरात मरण

हा प्रश्न खरोखर इतका निकडीचा आहे काय, अशी शंका काढली जाईल. शहरी, सुखवस्तू माणसांचे हे आजार. राबणाऱ्या शेतकऱ्याला कोठून होणार, हा समज अजून टिकून आहे. या समजाला धक्का देणारे संशोधन महाराष्ट्रातच झालेले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभारलेल्या ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची कारणे चिकाटीने शोधली. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. साप चावून, हिवतापाने, क्षयाने माणसे मरत असतील अशी ज्या भागाविषयी आपली कल्पना, तेथे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हे निघाले. दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा होता आणि यातील बहुतेक माणसे रुग्णालयात नव्हे, तर आपल्या घरीच गेली होती. जंगलातील गडचिरोलीची ही स्थिती, तर रस्त्यांनी आणि बाजाराने अधिक जोडलेल्या जालन्याची त्याहून फार निराळी असेल असे मानण्यास आधार नाही.

आणि मृत्यू हा तरी शेवट असतो. अर्धांग होऊन जगणे हा शेवट नव्हे. घरातील आजोबा खाटेला खिळले, की एक माणूस त्यांच्यापाशी बसते. बहुधा ती सून असते किंवा स्वतः थकलेली पत्नी. रोजंदारी बुडते, वाहनभाडे होते, मोठ्या शहरातील दवाखान्याची पायरी चढावी लागते आणि एखादे एकर गहाण पडते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या हवाली केलेली शाळकरी नातवंडे. त्या घरातील आजी कोसळली तर नातवाची शाळा सुटते आणि तोही कोयत्यामागे जातो. तेव्हा वृद्धांच्या आरोग्यावरील खर्च म्हणजे पिकल्या पानावरचा वाया जाणारा खर्च, असे म्हणणाऱ्यांनी ही घरे एकदा पाहावीत. म्हातारीचा रक्तदाब सांभाळणे म्हणजे नातवाची शाळाही सांभाळणे आहे.

तपासणी सोपी, टिकवणे कठीण

शासनाकडे योजना नाहीत असे नाही. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याच सुमारास वृद्धांच्या आरोग्यसेवेचा स्वतंत्र कार्यक्रमही आला. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची माहिती आशा कार्यकर्तीने एका तक्त्यात भरावयाची, चारपेक्षा अधिक गुण आले तर त्याला प्राधान्याने तपासणीस आणावयाचे, अशी व्यवस्था कागदावर आहे आणि पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्षातही आहे. उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले आहेत. २०२४ साली जालन्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. मग उणीव कशाची?

उणीव आहे ती दुसऱ्या भेटीची. वैद्यकशास्त्रात ‘निम्म्यांचा नियम’ म्हणून एक जुना अनुभव सांगतात. शंभर जणांचा रक्तदाब वाढलेला असेल, तर पन्नासांनाच ते ठाऊक असते. त्या पन्नासांपैकी पंचवीस जण उपचार घेतात. आणि या पंचविसांपैकी जेमतेम बारा-तेरांचा रक्तदाब काबूत राहतो. आपली शिबिरे फार तर पहिल्या निम्म्यांना हात घालतात. माणसाला रोगाचे नाव सांगतात आणि त्याला वाऱ्यावर सोडून देतात. महिनाभराची गोळी मिळते, ती संपते, उपकेंद्रात पुन्हा गेले तर ‘अजून आली नाही’ असे उत्तर मिळते. एकदा-दोनदा हेलपाटा झाला, की म्हातारा म्हणतो, ‘दुखत तर काहीच नाही, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. जो रोग दुखत नाही, त्याच्यासाठी रोजगार बुडवून वीस किलोमीटर जाणे हा व्यवहार कोणत्याही शहाण्या माणसाला तोट्याचाच वाटणार. तो व्यवहार फायद्याचा करून देणे हे यंत्रणेचे काम आहे.

ते करता येते, याचाही पुरावा आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशातील पाच राज्यांत रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे प्रथम निवडले गेले. त्यात चमत्कार काहीच नव्हता. सर्व डॉक्टरांनी ठरलेल्या दोन-तीन औषधांचीच, ठरलेल्या क्रमाने योजना करावयाची. औषधांचा साठा आधी मोजून मागवावयाचा. रक्तदाब मोजण्याचे आणि गोळ्या देण्याचे काम परिचारिकेने घराजवळच्या केंद्रात करावयाचे. प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवावयाचे आणि जो ठरल्या तारखेस आला नाही त्याला शोधून काढावयाचे, एवढेच त्यातील मर्म. पुढे हा उपक्रम देशातील शंभराहून अधिक जिल्ह्यांत पसरला. उपचाराखालील सुमारे निम्म्या रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात आल्याचे दिसून आले आणि २०२२ साली त्यास संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.  हा बदल नव्या यंत्राने झाला नाही. नोंदवहीने आणि वेळेवर आलेल्या गोळीने झाला.

मराठवाड्याच्या मातीतलेही एक उदाहरण आहे. त्या काळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे कर्करोग रुग्णालय यांनी ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूच्या केवळ एका तपासणीने आणि त्यापुढील उपचाराने त्या रोगाचे मृत्यू निम्म्याने कमी झाले होते. येथे महत्त्वाचे शब्द ‘त्यापुढील उपचाराने’ हे आहेत. दोष आढळलेल्या स्त्रीला चिठ्ठी देऊन घरी पाठविले नाही, तर तिचा उपचार होईपर्यंत तिचा पाठपुरावा केला. शिवाय साठीनंतरचा रोग टाळावयाचा तर तयारी चाळिशीतच केली पाहिजे, हाही धडा त्यातून मिळतो. वृद्धांची मोहीम केवळ वृद्धांपुरती राहू शकत नाही.

आराखडा कसा असावा

जालन्यापुरता विचार केला, तर मोहिमेचे वेळापत्रक सरकारी वर्षावर नव्हे, शेतीच्या वर्षावर बसविले पाहिजे. मार्चअखेर निधी संपवावयाचा म्हणून उन्हात म्हाताऱ्यांना रांगेत उभे करणे ही क्रूर थट्टा आहे. पेरण्या आटोपल्यावर, आषाढ-श्रावणात, गावागावांतील वृद्धांची यादी व्हावी आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवावी. यादीत कोणाचे नाव राहिले, हे गावाइतके कोणास ठाऊक असणार? रोगाचे नाव मात्र तेथे वाचले जाऊ नये. ती खासगी बाब आहे. भाद्रपद-आश्विनात तपासणी व्हावी, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी काम उरकेल. पन्नाशी-साठीची कितीतरी माणसे स्वतःही कोयता घेऊन जातात. त्यांच्याबरोबर निदान तीन महिन्यांच्या गोळ्या आणि कोणत्याही जिल्ह्यात दाखविता येईल असे कार्ड दिले पाहिजे. कार्डावर अक्षरांऐवजी सूर्य आणि चंद्र काढावेत, कारण या पिढीतील स्त्रियांना शाळेचे तोंड पाहावयास मिळालेले नाही.

तपासणीसाठी नवे मंडप घालण्याची गरज नाही. जेथे वृद्ध आपण होऊन येतात तेथे यंत्रणेने जावे. श्रावणबाळ आणि निराधार योजनांचे पैसे काढण्यासाठी ते बँकेत येतात; निवृत्तिवेतनधारक दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यास येतात; मोतीबिंदूसाठी जालन्याच्या गणपती नेत्रालयात जातात; अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस एके ठिकाणी बसतात; राजूरच्या गणपतीला चतुर्थीस जातात. मशिदीत आणि विहारातही वडीलधारी मंडळी ठरल्या वेळी भेटतात. अशा ठिकाणी एक खुर्ची, एक पट्टा आणि एक नोंदवही पुरे. मात्र मोजणी नीट हवी. धावत आलेल्या म्हाताऱ्याला पाच मिनिटे शांत बसवून, दंड टेकवून, दोनदा मोजल्याशिवाय कोणाच्या माथी रोगाचा शिक्का मारू नये. उतारवयात गोळीची मात्रा अधिक झाली तर उभे राहताना घेरी येते, मनुष्य पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. मधुमेहाच्या गोळीनंतर उपवास घडला तर साखर एकाएकी उतरते. म्हणून एकादशी-चतुर्थी आणि रमजान यांची चौकशी डॉक्टरने केलीच पाहिजे. उपवास सोडा, असे म्हणून कोणी सोडत नाही; गोळीची वेळ कशी बदलावी, हे सांगितले तर ऐकतात.

उपदेशाविषयीही तारतम्य हवे. ‘मीठ कमी करा’ असे भिंतीवर रंगविण्याने मीठ कमी होत नाही. ज्याच्या ताटात भाकरीबरोबर ठेचा आणि लोणचे एवढेच कोरड्यास आहे, त्याला पाच ग्रॅमची मर्यादा सांगताना आपणास संकोच वाटला पाहिजे. फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ साली हृदयविकाराविरुद्ध असेच काम सुरू झाले, तेव्हा पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरने व्याख्यानांवर विसंबून न राहता गृहिणींच्या संघटनेला, दुग्धव्यावसायिकांना आणि सॉसेज बनविणाऱ्यांना हाताशी धरले. लोण्याची सवय ज्या प्रांतात हाडीमाशी खिळलेली, तेथे स्वयंपाकच हळूहळू बदलला. तीन-साडेतीन दशकांत कर्त्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. आपल्याकडे हे काम पापड-लोणची करणारे महिला बचत गट, खानावळी आणि लग्नाच्या पंगती यांच्यापासून सुरू करता येईल. तंबाखूचा प्रश्न अधिक अवघड. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील साधारण चौघांपैकी एक प्रौढ तंबाखू खाणारा किंवा मिश्रीसारख्या अन्य रूपात ती घेणारा निघाला. गुटख्यावर २०१२ साली बंदी आली; चुना-तंबाखूची डबी मात्र आजोबांच्या कनवटीला तशीच आहे. ती नातवाच्या हाती जाऊ न देणे, एवढे तरी आजोबांकडून मागता येईल, आणि या मागणीला ते सहसा नाही म्हणणार नाहीत.

काम कोणाचे?

हे सारे पुन्हा आशा कार्यकर्तीच्याच डोक्यावर लादावयाचे काय? हा आक्षेप रास्त आहे. मोबदला कामागणिक आणि कामे मात्र अगणित, अशी तिची अवस्था आहे. मोहिमेत तिच्या प्रत्येक पाठपुराव्याच्या भेटीचा मोबदला वेळेवर मिळण्याची तरतूद नसेल, तर नोंदवह्या भरतील पण त्या घरी बसून भरलेल्या असतील. तिला मदतनीस हवेत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका करून दाखविले. मग जालन्यातील सुशिक्षितांनी आपण यात कोठेच नाही असे समजण्याचे कारण काय? निवृत्त शिक्षकाला गावातील प्रत्येक घर ठाऊक असते आणि त्याचा शब्द म्हातारी माणसे मानतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याने श्रमदानाच्या शिबिरात रस्ता झाडण्याबरोबर दहा वृद्धांची दहा कार्डे वर्षभर सांभाळावीत. तपासणीचे कौशल्य आठवड्यात शिकता येते, तारखेची आठवण देण्यास तेही लागत नाही. नव्या वैद्यकीय महाविद्यालयाने तर अभ्यासासाठी दूर जाऊच नये. आठ तालुके हीच त्याची प्रयोगशाळा आहे.

आणि लिपिकवर्ग? तो या मोहिमेचा कणा ठरू शकतो, असे म्हटले तर कित्येकांना हसू येईल. परंतु औषधे संपण्यापूर्वी मागणीपत्र पाठविणारा, साठ्याची वही खरी ठेवणारा आणि ‘तपासणी झालेले’ या रकान्याशेजारी ‘रक्तदाब काबूत आलेले’ हा रकाना आखणारा हात लिपिकाचाच असतो. आपल्या अहवालांचा सारा दोष या एका रकान्यात आहे. जोवर वरून ‘किती तपासले?’ एवढेच विचारले जाईल, तोवर खालून शिबिरेच होत राहतील. ‘गेल्या वर्षीच्या यादीतील किती जण आज गोळी घेत आहेत आणि त्यांतील कितींचा रक्तदाब १४०/९० च्या आत आहे?’ हा प्रश्न ज्या दिवशी विचारला जाईल, त्या दिवशी सारी यंत्रणा आपोआप त्या दिशेला वळेल.

१ मे हा महाराष्ट्राचा दिवस आणि जालना जिल्ह्याचाही जन्मदिवस. त्या दिवशी ग्रामसभाही भरते. प्रत्येक गावाने त्या सभेत नावे न घेता केवळ चार आकडे वाचावेत: गावात वृद्ध किती, तपासले किती, नियमित उपचार घेणारे किती आणि वर्षात अर्धांग होऊन पडलेले किती. पहिल्या वर्षी हे आकडे लाजिरवाणे असतील. असू द्यावेत. खोट्या मोठ्या आकड्यांपेक्षा खरे लहान आकडे बरे. वारीतील दिंडीप्रमुख मुक्कामाला पोहोचल्यावर प्रथम आपली माणसे मोजतो. एखादी म्हातारी मागे राहिली असेल तर कोणाला तरी परत पाठवितो. ती मोजदाद आणि मागे वळून पाहण्याची ती सवय आरोग्य यंत्रणेला लागली, तर पारावरच्या गप्पांतून ‘अंगावरून वारे गेले’ हे वाक्य आजच्यापेक्षा पुष्कळ कमी वेळा ऐकू येईल.